टंचाईचें पुण्य

माणसाचे सद्गुण त्याचे स्वतःचे असतात, निदान ते तसे असावेत, अशी आपली समजूत असते. अमुक एक गृहस्थ निर्व्यसनी आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्याचें श्रेय आपण त्याच्या मनोनिग्रहाला देतों. त्याच्या गांवांत दारूचें दुकान होतें कीं नव्हतें, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. उलट, एखादा तरुण व्यसनाच्या आहारीं गेला कीं सारा दोष आपण त्याच्याच पदरांत घालतों. ती वस्तु त्याच्या हातापर्यंत कोठून, कशी आणि कोणाच्या लाभासाठीं येऊन पोहोंचली, हा प्रश्न पोलिसांचा म्हणून सोडून देतों. परंतु नीतीचा विचार करूं पाहणाऱ्याला तो इतक्या सहजासहजीं सोडतां येत नाहीं.

कारण गेल्या पाव शतकांत जगानें एक विलक्षण प्रयोग दोनदां पाहिला आहे. अफूच्या उत्पादनांत अफगाणिस्तान हा दीर्घकाळ जगांतील पहिला देश होता. तेथें २००० सालीं तालिबान राजवटीनें खसखशीच्या लागवडीस मनाई केली. त्या वर्षीं सुमारें ८२ हजार हेक्टरांवर असलेलें पीक २००१ च्या हंगामांत सुमारें ८ हजार हेक्टरांवर आलें. पुढें ती राजवट गेली, पीक परत आलें आणि २०२२ पर्यंत २ लाख ३३ हजार हेक्टरांवर पसरलें. त्याच वर्षीच्या एप्रिलांत, पुन्हां सत्तेवर आलेल्या त्याच मंडळींनीं पुन्हां मनाई केली. २०२३ सालीं पीक ११ हजार हेक्टरांच्याही खालीं गेलें. अदमासें ६,२०० टन अफूच्या जागीं ३३३ टन अफू निघाली, असें संयुक्त राष्ट्रांच्या पाहणींत आढळलें. अफूपासूनच हेरॉईन तयार होतें. म्हणजे हेल्मंदच्या शेतकऱ्यानें खसखस पेरली कीं गहूं, यावर दूरच्या एखाद्या शहरांतील मुलाचें उद्यांचें वर्तन कांहीं अंशीं अवलंबून राहतें. आणि हेल्मंद कोठें आहे, हें त्या मुलाला ठाऊकही नसतें. मग उद्यां त्याला माल मिळाला नाहीं व तो व्यसनापासून दूर राहिला, तर तें पुण्य कोणाचें? त्याचें, त्या शेतकऱ्याचें, कीं कोणाचेंच नव्हे?

हा केवळ तर्काचा खेळ नाहीं. आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला, भामरागडच्या अरण्यांत, हाच प्रश्न हेरॉईनच्या नव्हे पण दारूच्या रूपानें अनेक वर्षें उभा आहे, आणि तेथें तो अधिक स्पष्ट दिसतो. तेथें जाण्यापूर्वीं मात्र या व्यापाराच्या इतिहासाकडे थोडें वळून पाहणें इष्ट होईल.

दूरचा पुरवठादार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कोणी परका माणूस येतो. परंतु एके काळीं तो दूरचा पुरवठादार आपणच होतों. माळव्याची अफू इंदूर, उज्जैन, रतलाम येथील बाजारांतून मुंबई बंदरांत येई व तेथून जहाजांनीं चीनला जाई. सरकार तिच्यावर कर घेई आणि व्यापारी नफा घेत. १८३९ सालीं लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानें कँटनजवळ परदेशी व्यापाऱ्यांच्या वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. तींत मुंबईहून गेलेला मालही होता. त्यावरून इंग्रजांनीं युद्ध केलें. मुंबईच्या ज्या जुन्या वैभवाचा आपण अभिमानानें उल्लेख करतों, त्यांत या व्यापाराचा वांटा लहान नव्हता. त्या काळीं मुंबईच्या पेढीवर बसलेल्या सज्जन, दानशूर गृहस्थाला कँटनच्या अफूबाजाचें तोंड कधीं पाहावें लागलें नाहीं. अंतर हें पापाला फार सोयीचें असतें.

पुढें १९०७ सालीं झालेल्या करारानें हिंदुस्थानांतून चीनला जाणारी अफू दहा वर्षांत क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरलें व ती बंदही झाली. चीनचें व्यसन मात्र तिच्याबरोबर गेलें नाहीं. तेथील लष्करी सरदारांनीं आपापल्या मुलुखांत खसखस पेरावयास लावली, कारण सैन्याचा खर्च तिच्यावर भागे. आणि शहरांत मॉर्फीन व हेरॉईन यांच्या गोळ्या आल्या. निर्यात थांबल्यानें आपले हात या कामांतून मोकळे झाले, हें चांगलेंच झालें. पण आपले हात मोकळे होणें आणि दुसऱ्याचें बंधन सुटणें, या दोन निराळ्या गोष्टी होत.

त्याच काळांत खुद्द मुंबईंत गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत असत. दिवसभराची पाळी, घरीं मूल सांभाळणारें कोणी नाहीं, आणि मूल रडलें तर शेजाऱ्यांचा त्रागा, म्हणून गोळी. त्या आईला व्यसन नव्हतें, तिला पाळी होती. तिच्या गल्लींतील अफूचें दुकान बंद करणें योग्यच होतें. परंतु तेवढ्यानें मूल कोणाच्या मांडीवर ठेवावयाचें, या प्रश्नाचें उत्तर मिळत नव्हतें. त्याचें उत्तर पाळणाघर हें होतें. पुरवठ्याच्या प्रत्येक वाटेच्या शेवटीं अशी कांहीं तरी गरज बसलेली असते, आणि ती वाट बुजविणाऱ्यानें त्या गरजेकडे पाहिलें नाहीं तर तिच्याकडे जाणारी दुसरी वाट लवकरच तयार होते.

याचें प्रत्यंतर पुढें आलें. १९७९ सालीं इराणांत क्रांति झाली. त्याच वर्षीं पाकिस्ताननें अफूवर बंदी घातली, आणि वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या. या उलथापालथींत अफूच्या जुन्या वाटा मोडल्या, सरहद्दीवर हेरॉईन गाळण्याचे कारखाने निघाले आणि माल नव्या वाटांनीं वाहूं लागला. त्यांतील एक वाट आपल्या देशांतून जात होती. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांतच मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ‘ब्राउन शुगर’ दिसूं लागली. मराठीनें तिला ‘गर्द’ हें नांव दिलें आणि तिच्या बळीला ‘गर्दुल्ला’. अनिल अवचट यांनीं ‘गर्द’ याच नांवाच्या पुस्तकांत या मुलांची हकीकत मराठी वाचकांपुढें ठेवली, आणि १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व त्यांनीं पुण्यांत ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. तेहरान आणि काबूल येथील राजकारणाचा हिशेब पुण्याच्या घराघरांतील आईबापांना चुकवावा लागला.

१९८५ सालीं आपल्या देशांत अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. त्याचा हेतु निःसंशय चांगला होता. परंतु बंदीचा एक स्वभाव आहे, तो विसरतां येत नाहीं: जी वस्तु लपवावी लागते ती आकारानें लहान आणि गुणानें जहाल होत जाते. अफूचा गोळा जड व वासाचा. हेरॉईनची पुडी मुठींत मावते. व्यापाऱ्याला दोन्हींत धोका सारखाच असेल तर तो नफ्याची पुडीच उचलणार. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसलें कीं, दहा ते पंचाहत्तर वर्षांच्या लोकसंख्येंत अफू घेणारे शेकडा ०.५२ आहेत, तर हेरॉईन घेणारे १.१४. एके काळीं अफूचा देश म्हणून ओळखला जाणारा हा देश हेरॉईनकडे वळला, तो कांहीं त्याची अभिरुचि बदलली म्हणून नव्हे.

मग टंचाईनें कांहींच साधत नाहीं काय? तसें म्हणणें सत्याला सोडून होईल. २००१ च्या प्रारंभीं ऑस्ट्रेलियांत हेरॉईनचा एकाएकी तुटवडा पडला. त्यानंतर तेथें अतिसेवनानें होणारे मृत्यु लक्षणीय प्रमाणांत घटले. ते जीव खरोखर वांचले. त्यांच्या आयांच्या दृष्टीनें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण त्याच सुमारास कित्येकजण कोकेन व तत्सम उत्तेजक द्रव्यें टोंचून घेऊं लागले. एस्टोनिया या लहानशा देशांत त्याच काळीं हेरॉईन आटलें, तेव्हां त्याची जागा फेंटॅनिल या प्रयोगशाळेंत बनणाऱ्या, कितीतरी पट जहाल द्रव्यानें घेतली, आणि हेरॉईन परत आलें तरी तें द्रव्य अनेक वर्षें हललें नाहीं. आपल्याकडेही १९९० नंतर कलकत्ता, दिल्ली, मद्रास येथें हेरॉईन महाग व दुर्मिळ झालें, तेव्हां अनेक व्यसनी ओढणें सोडून औषधाच्या दुकानांतील ब्युप्रेनॉर्फीन शिरेंत टोंचून घेऊं लागले. आणि सुयांच्या देवघेवीबरोबर रोगही पसरले. टंचाईचें फळ असें दुहेरी असतें. कांहींना ती वांचविते, कांहींना अधिक वाईट जागीं नेऊन सोडते. आणि कोणाचें काय होईल, हें पुष्कळसें त्या वेळीं त्यांच्याजवळ कोण उभें आहे यावर ठरतें.

आतां भामरागडकडे वळूं. वाचकांना हें नांव बहुधा हेमलकशामुळें परिचित असेल. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं तेथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम तेथें होतो. पलीकडे छत्तीसगड आहे, आणि दक्षिणेकडे गेलें कीं तेलंगण. येथील माडिया लोकांच्या जीवनांत मद्य मुळींच नव्हतें असें कोणी म्हणूं नये. चैत्राच्या सुमारास पहांटे मोहाचीं फुलें गळतात. बाया व मुलें तीं वेंचतात, वाळवितात, खातात, विकतात आणि त्यांची दारूही गाळतात. ‘गोरगा’ म्हणजे भेरली माडाचा मादक रस; तो हंगामांत निघतो व झाडाखालीं जमून वांटून पितात. देवाला, पितरांना, जन्माला, लग्नाला, मरणाला मद्याचा थेंब लागतो.

परंतु या पुरवठ्याचें स्वरूप लक्षांत घेतलें पाहिजे. त्याला झाडाची मर्यादा होती, ऋतूची मर्यादा होती आणि विधीची मर्यादा होती. झाड किती रस देईल हें झाडच ठरवी. दुकान आलें कीं या तिन्ही मर्यादा एकदम संपतात. दुकानाला ऋतु नाहीं, विधि नाहीं. त्याला फक्त खप आहे. सरकारी अबकारीचें धोरण तर इंग्रजी अमलापासून या उलट्या दिशेनेंच चाललें होतें. मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं मोहफुलांच्या साठ्यावर व विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला, तो लोकांनीं दारू पिऊं नये म्हणून नव्हे, तर घरची न पितां मक्तेदाराची प्यावी म्हणून. भामरागड त्या वेळीं मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यांत होतें व हा कायदा तेथला नव्हे. परंतु परवाना, मक्ता आणि महसूल यांची दृष्टि सर्वत्र एकच होती. पिण्याची मर्यादा समाजाच्या हातून काढून तिजोरीच्या हातीं देणें, हा त्या धोरणाचा परिणाम झाला.

याविरुद्ध गडचिरोली जिल्ह्यांत १९८८ च्या सुमारास लोकांचें आंदोलन उभें राहिलें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं त्याला अभ्यासाची व संघटनेची जोड दिली, आणि १९९३ पासून जिल्ह्यांत दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, स्त्रियांच्या दीर्घ चळवळीनंतर, १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. आणि २०२१ सालीं ती उठविण्यांत आली. अवैध विक्री व गुन्हे वाढले, असें कारण सरकारनें दिलें. म्हणजे एका नदीच्या अलीकडे बंदी, पलीकडे दुकान. आज बंदी, उद्यां परवाना. चोरट्या दारूला नदीची अडचण होत नाहीं. तंबाखूचेंही तेंच. २०१२ सालीं राज्यांत गुटख्यावर बंदी आली. विदर्भांत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा हाताशीं होताच.

हें पाहून दोन प्रकारचे पंडित आपापलें मत सांगतात. पहिला म्हणतो, बंदीनें लादलेला सदाचार हा सदाचारच नव्हे. मोह समोर असतांना जो आवरतो तोच खरा संयमी. दुसरा म्हणतो, तत्त्वज्ञान पुरे; वाटा बंद करा, व्यसन आपोआप संपेल.

पहिल्याचें म्हणणें तत्त्वतः खरें आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतही, जो विषय सोडून बसतो त्याच्या मनांत त्यांची गोडी मागें उरते, असा इशारा दिला आहे. परंतु हा पंडित एका व्यक्तीला विसरतो, ती म्हणजे पिणाऱ्याची बायको. नवरा आज संध्याकाळीं शुद्धीवर घरीं आला, मजुरी तिच्या हातीं आली आणि मुलें न भितां जेवलीं, तर तें नवऱ्याच्या संयमामुळें झालें कीं दुकान बंद असल्यामुळें, ही मीमांसा ती करीत बसत नाहीं. तिच्या सुखाला नवऱ्याच्या पुण्याची अट नाहीं. दारूबंदीच्या चळवळींत स्त्रिया पुढें असतात याचें कारण हेंच. नीतिशास्त्र जर केवळ कर्त्याच्या हेतूचें परीक्षण करीत राहिलें आणि त्याच्या कृत्याखालीं भरडल्या जाणाऱ्यांकडे त्यानें पाहिलें नाहीं, तर तें अर्धेंच शास्त्र होय.

दुसऱ्याला उत्तर इतिहासानें दिलेंच आहे. चीन, एस्टोनिया, मद्रास आणि चंद्रपूर, सर्वत्र एकच गोष्ट दिसते कीं, बंद केलेली वाट ही सुटलेली गांठ नव्हे. शिवाय, जी टंचाई दुसऱ्याच्या इच्छेनें येते, ती दुसऱ्याच्या इच्छेनें जाते. तालिबानांनीं पीक थांबविलें, उद्यां तेच किंवा त्यांच्या जागीं येणारे तें सुरू करतील. मंत्रिमंडळानें बंदी घातली, दुसऱ्या मंत्रिमंडळानें उठविली. आणि एका देशांतील पीक गेलें तर दुसऱ्या देशांतील पुढें येतें: अफगाणिस्तानांत पीक घटलें त्याच २०२३ सालीं ब्रह्मदेश अफूच्या उत्पादनांत पहिला ठरला, आणि ब्रह्मदेशाची सरहद्द आपल्या मणिपूर-मिझोरमला भिडलेली आहे. ज्याचें पुण्य अशा दूरच्या सौद्यांवर टांगलेलें असतें, त्यानें तें आपलें म्हणून मिरवूं नये.

तर मग टंचाईची नैतिक किंमत काय? आमच्या मतें, ती पुण्य नव्हे, तशी निरर्थकही नव्हे. ती मुदत आहे. व्यसनाची पकड सैल पडण्यास जो थोडा अवकाश लागतो, तो टंचाई देते. त्या अवकाशांत उपचार पोहोंचले, काम मिळालें, मूल सांभाळण्याची सोय झाली, चार माणसें संध्याकाळीं पिण्यावांचून एकत्र बसूं लागलीं, तर टंचाईचें रूपांतर संयमांत होऊं शकतें. तो अवकाश रिकामा गेला, तर त्यांत नवी पुडी येऊन बसते. म्हणून एखाद्या राजवटीनें पीक थांबविल्याची किंवा सरकारनें दुकानें बंद केल्याची वार्ता आली कीं कर्तव्य संपलें असें मानणें, ही चूक आहे. कर्तव्याचा काळ त्या दिवशीं सुरू होतो.

याहून अधिक महत्त्वाची अशी आणखी एक गोष्ट भामरागडच्या मुलुखाकडून शिकण्यासारखी आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा, अथवा त्यांचें नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. त्याच्याही आधीं, याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा गांवानें, स्त्रियांच्या आग्रहावरून, दीर्घ चर्चेनंतर सर्वांच्या संमतीनें दारूला आवर घातला. विधीपुरती सूट मात्र ठेवली. २०१६ पासून जिल्ह्यांत चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमांतही गांवोगांवच्या लोकांनीं स्वतः ठराव करून चोरटी विक्री थांबविण्यावर भर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हीही बंदीच दिसेल. पुरवठा येथेंही तुटतो. परंतु हेल्मंदची टंचाई आणि मेंढ्याची टंचाई यांत मूलतः भेद आहे. पहिलींत कोणी दुसऱ्यानें आपल्यासाठीं हात आंखडला. दुसरींत आपणच आपला हात आंखडला. एकट्या माणसाचा निश्चय रात्रीं ढळतो, हें जाणून तो सर्वांनीं मिळून दिवसा केला आणि सर्वांनीं सांभाळला. समाजानें स्वतः विचारपूर्वक निर्माण केलेली टंचाई, हेंच समाजाच्या संयमाचें रूप होय. झाड, ऋतु आणि विधि यांच्या ज्या मर्यादा दुकानानें मोडल्या होत्या, त्यांच्या जागीं तें गांव आपल्या ठरावाची मर्यादा उभी करतें.

अशा ठरावांना अपयश येत नाहीं असें नाहीं. ते मोडतात, पुन्हां करावे लागतात. शेजारच्या गांवानें साथ दिली नाहीं तर दुबळे होतात, आणि पोलीस व सरकार यांनीं पाठ फिरविली तर केवळ कागदावर उरतात. तथापि मोडलेला ठराव पुन्हां करण्याचा अधिकार तरी त्याच लोकांच्या हातीं असतो. परक्याची मेहेरबानी मोडली तर ती पुन्हां मागण्यावांचून दुसरा मार्ग नसतो.

शेवटीं आपल्यासारख्या शिकलेल्या, शहरांत सुखानें राहणाऱ्या कुटुंबांविषयीं दोन शब्द. भामरागडच्या माडियानें प्यावें कीं न प्यावें, यावर मत देणें आपल्याला सोपें जातें. आपल्या घरच्या समारंभांतील पेल्याविषयीं तेंच मत आपण क्वचित् देतों. दुकानाच्या महसुलांतून होणाऱ्या सोयी आपण भोगतों आणि त्याचा भार जेथें पडतो तें गांव आपल्याला दिसत नाहीं. मुंबईच्या जुन्या पेढीला कँटन दिसत नव्हतें, त्यांतलाच हा प्रकार. गर्दुल्ल्याचा तिरस्कार करण्यापूर्वीं, त्याच्यापर्यंत जी वाट आली तिच्यांत आपला कोणता दगड बसलेला आहे, हें प्रत्येकानें पाहावें. आणि आपल्या घरांत तो प्रसंग आला नसेल, तर त्याचें किती श्रेय आपल्या शीलाला आणि किती केवळ ती वस्तु आपल्या दारापर्यंत न आल्याला, याचाही प्रामाणिकपणें हिशेब करावा. त्या हिशेबांत शीलाच्या बाजूला थोडेंच उरलें तरी खेद मानण्याचें कारण नाहीं. जेवढें उरेल तेवढें आपलें असेल, आणि त्याच्यांत भर घालणें आपल्या हातीं असेल.